दिसणे आणि ओळखणे : रात्रीच्या शिकारीच्या दुर्बिणींचा इतिहास



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा बऱ्याच जणांनी आम्हाला विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाचा बंदुकीच्या दुर्बिणीशी काय संबंध? प्रश्न योग्य आहे. आम्ही बंदूक चालवत नाही. पण एक प्रश्न आम्ही वर्गात तीसेक वर्षे शिकवला: आपल्याला एखादी वस्तू दिसते म्हणजे नेमकं काय होतं, आणि जे दिसलं ते आपण ओळखलं असं केव्हा म्हणायचं? हा प्रश्न वर्गात चुकला तर दोन मार्क जातात. रात्रीच्या रानात चुकला तर माणूस जातो. म्हणून हा इतिहास सांगण्यासारखा आहे.

आज टेक्ससमधला शेतकरी किंवा जर्मनीतला शिकारी दुकानात जातो तेव्हा त्याच्यासमोर दोन जातींची यंत्रं असतात. एक नाइट व्हिजन, म्हणजे असलेला थोडासा प्रकाश वाढवून दाखवणारं. दुसरं थर्मल, म्हणजे प्रकाशाशी काही देणंघेणं नसलेलं, केवळ उष्णतेचं चित्र काढणारं. कोणतं घ्यावं? या प्रश्नाचं उत्तर किमतीच्या पाटीवर सापडत नाही. ही दोन यंत्रं कुठून आली आणि कशासाठी आली, ते कळलं की उत्तर बरंचसं आपोआप मिळतं.

चांदण्यापासून सुरुवात

मुळात रात्रीच्या शिकारीला एकच साधन होतं, चांदणं. मचाणावर बसायचं, वाट बघायची. युरोपात, विशेषतः जर्मन भाषक प्रदेशात, रानडुकराची शिकार चांदण्या रात्री करण्याची रीत आहे. त्यासाठी तिथे एक खास दुर्बीण रूढ झाली, आठ बाय छप्पन्न. आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग छप्पन्न मिलिमीटरचं. हाच आकडा का? छप्पन्न भागिले आठ म्हणजे सात. दुर्बिणीतून डोळ्याकडे येणारा प्रकाशाचा झोत सात मिलिमीटर रुंद. आणि तरुण माणसाची बाहुली पूर्ण अंधारात साधारण तेवढीच उघडते. म्हणजे भिंगाने गोळा केलेला सगळा प्रकाश डोळ्यात शिरतो, काही वाया जात नाही. आमच्या वयाला ती बाहुली पाच मिलिमीटरच्या पुढे क्वचितच उघडते, तेव्हा आमच्यासारख्याने ती महागडी दुर्बीण घेतली तर निम्मा प्रकाश पापणीबाहेरच राहणार! हे विनोदाने सांगतो आहोत, पण यात एक तत्त्व आहे. साध्या भिंगाची मर्यादा भिंगात नसते, ती पाहणाऱ्याच्या डोळ्यात असते.

मग विजेचा दिवा आला. आपल्याकडे याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण जिम कॉर्बेट यांचं. रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्याने सरकारी नोंदीप्रमाणे 125 माणसं मारली होती. 1926 च्या मे महिन्यात गुलाबराईजवळ आंब्याच्या झाडावर कॉर्बेट बसले होते. खाली शेळी बांधलेली, गळ्यात घंटा. रात्री घंटा वाजली, त्यांनी बंदुकीवरच्या टॉर्चचं बटण दाबलं, बिबट्याचा खांदा दिसला, गोळी सुटली आणि टॉर्च विझला. नेम लागला की नाही हे कळायला पहाट व्हावी लागली. बघा, दिसणं किती वेळ होतं? एक क्षण. पण त्या एका क्षणात त्यांनी बिबट्या *पाहिला* होता. केवळ घंटेच्या आवाजावर त्यांनी गोळी घातली नाही. हा फरक लक्षात ठेवा, शेवटी आपण त्याकडे येणार आहोत.

दिव्याचा दोष उघड आहे. दिवा लावला की आपल्याला जनावर दिसतं आणि जनावरालाही आपण दिसतो. शिवाय दिव्याने दिपलेलं जनावर जागच्या जागी थिजतं. त्यात शिकाऱ्याचं कसब काय राहिलं? म्हणूनच आपल्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने, शिकारीचे परवाने अजून दिले जात होते तेव्हासुद्धा, कृत्रिम प्रकाशाने आणि सूर्यास्तानंतर शिकार करण्याला मनाई केली होती. अपवाद एकच, मारलेल्या सावजावर परतणाऱ्या हिंस्र पशूसाठी खास परवानगीचा. पुढे 1991 च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारच संपली आणि ते कलमही गेलं.

अदृश्य दिवा

आता प्रश्न असा उभा राहिला, की आपल्याला दिसेल पण समोरच्याला दिसणार नाही असा दिवा असू शकतो का?

त्याचं मूळ 1800 सालात आहे. युरेनस ग्रहाचा शोध लावणारे विल्यम हर्शेल लोलकातून पडलेल्या सप्तरंगी पट्ट्यात तापमापक ठेवून कोणत्या रंगात किती उष्णता आहे हे मोजत होते. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, तिथे ठेवलेल्या तापमापकाचा पारा सर्वांत वर चढला. अवरक्त किरण ते हेच. इंग्रजीतला इन्फ्रारेड हा शब्द आता आपल्याकडेही रुळला आहे.

या ठिकाणी तत्त्वज्ञानाच्या माणसाला थांबावंच लागतं. आपल्याकडे अंधार म्हणजे काय यावर मोठा वाद झाला. नैयायिक म्हणाले, अंधार ही वस्तू नाही, तो केवळ तेजाचा अभाव. भाट्ट मीमांसक म्हणाले, नाही, अंधार हे स्वतंत्र द्रव्य आहे, तो काळा दिसतो, हलतोसुद्धा. आणि याच न्याय-वैशेषिक परंपरेत तेजाचे प्रकार सांगताना एक सुंदर बारकावा येतो. तापलेल्या पाण्यात तेज आहे, त्याचा स्पर्श कळतो, पण रूप दिसत नाही. त्याचं रूप *अनुद्भूत* आहे, म्हणजे प्रकट झालेलं नाही. आता यावरून त्यांना इन्फ्रारेड ठाऊक होते असं कुणी म्हणू नये, तसं म्हणणं हा त्यांचा सन्मान नव्हे. पण दिसत नाही म्हणून तेज नाही असं म्हणता येत नाही, हा विचार त्यांनी काटेकोरपणे केला होता, एवढं मात्र खरं.

हर्शेल यांच्यानंतर सव्वाशे-दीडशे वर्षांनी या अदृश्य तेजाचं यंत्र झालं. 1934 च्या सुमारास हॉलंडमध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत होल्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अवरक्त प्रतिमेचं दृश्य प्रतिमेत रूपांतर करणारी नळी बनवली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनांनी 'व्हाम्पिर' नावाची दुर्बीण रायफलवर बसवली. वर अवरक्त दिवा, खाली दुर्बीण, आणि सैनिकाच्या पाठीवर तेरा-चौदा किलोची बॅटरी! अमेरिकनांनीही 1945 मध्ये ओकिनावाच्या लढाईत कार्बाइनवर अशीच दुर्बीण वापरली. पल्ला जेमतेम साठ-सत्तर मीटर. पण एक गोम होती. शत्रूकडेही तसंच यंत्र असेल तर आपला अदृश्य दिवा त्याला लख्ख दिसणार. जुन्या दिव्याचाच दोष, फक्त एक पायरी पुढे ढकललेला.

म्हणून 1960 च्या दशकात दिवाच काढून टाकला गेला. व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैन्याने वापरलेल्या 'स्टारलाइट स्कोप'मध्ये चांदण्यांचा प्रकाश तीन टप्प्यांत हजारो पट वाढवला जाई. प्रकाशाच्या कणाने एका पडद्यावरून इलेक्ट्रॉन उडवायचा, त्याला वेग द्यायचा, तो फॉस्फरच्या पडद्यावर आपटून पुन्हा प्रकाश. पुढे 1970 च्या दशकात तीन टप्प्यांच्या जागी लाखो सूक्ष्म छिद्रांची एक चकती आली, मग गॅलियम आर्सेनाइडचा पडदा आला. दुकानदार 'सेकंड जनरेशन', 'थर्ड जनरेशन' म्हणतात ते या पिढ्यांबद्दल. चित्र हिरवं असतं, कारण मंद उजेडात हिरव्याच्या छटा आपल्या डोळ्याला सर्वांत चांगल्या कळतात. अलीकडे पांढऱ्या पडद्याचीही यंत्रं आली आहेत.

या नळ्या महाग असतात आणि प्रखर उजेडाने खराब होतात. म्हणून आता स्वस्तात डिजिटल नाइट व्हिजन मिळतं. मोबाइलच्या कॅमेऱ्यात असतो तसाच सिलिकॉनचा तुकडा, सोबत छोटा अवरक्त दिवा. म्हणजे दिवा परत आला! हा दिवा 850 नॅनोमीटरचा असेल तर उजेड चांगला पडतो, पण त्याचा मंद तांबडा ठिपका दिसतो. 940 चा असेल तर ठिपका दिसत नाही, पण पल्ला घटतो. इतिहासात सुटलेले प्रश्न स्वस्त आवृत्तीत परत येतात, असं आम्हाला नेहमी वाटतं.

उष्णतेचं चित्र

दुसरी शाखा अगदी वेगळी. तिला चांदणंही नको. तीस-पस्तीस अंशांचं कुठलंही सजीव शरीर स्वतःच प्रकाशत असतं, फक्त तो प्रकाश साधारण नऊ-दहा मायक्रॉन तरंगलांबीचा असतो, आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या पंधरा-वीस पट लांब. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ सॅम्युअल लँग्ली यांनी 1880 च्या सुमारास बोलोमीटर बनवला. उष्णता लागली की धातूच्या पातळ पट्टीचा विद्युतरोध बदलतो, तो मोजायचा. पाव मैलावरच्या गाईची ऊब त्याला कळत असे, असं सांगतात.

लष्करी थर्मल कॅमेरे आधी द्रव नायट्रोजनच्या तापमानापर्यंत थंड ठेवावे लागत, म्हणजे शून्याखाली जवळजवळ दोनशे अंश. असं यंत्र शेतकऱ्याच्या हाती कसं यावं? ते आलं हनीवेल कंपनीतल्या कामामुळे. 1980 च्या दशकात लष्करी पैशावर त्यांनी लँग्लींचीच कल्पना सूक्ष्म केली. व्हॅनेडियम ऑक्साइडचे हजारो बारके बोलोमीटर एका चिपवर, आणि थंड करायची गरज नाही. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला यावरची गुप्तता उठली आणि इतर कंपन्यांना परवाने मिळाले. आज अग्निशमन दलाच्या हातात, गाडीत, ड्रोनवर आणि बंदुकीवर जो थर्मल कॅमेरा दिसतो तो याच वंशातला.

या यंत्राचं भिंग काचेचं नसतं, कारण एवढ्या लांब तरंगांना काच म्हणजे भिंतच. भिंग जर्मेनियमचं लागतं, म्हणूनच किंमत. 2023 मध्ये चीनने जर्मेनियमच्या निर्यातीवर निर्बंध घातले तेव्हा या व्यवसायाला चिंता वाटली ती याचमुळे. आणि म्हणूनच थर्मलने खिडकीच्या काचेतून आतला माणूस दिसत नाही. मोटारीत बसलेला माणूस दिसत नाही. हे शिकाऱ्याने ध्यानात ठेवलंच पाहिजे.

मग कोणतं घ्यावं?

आता दुकानाकडे येऊ. थर्मलच्या माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं: शोधण्याचा पल्ला अठराशे मीटर, दोन हजार मीटर. या आकड्याचा अर्थ काय?

1958 मध्ये अमेरिकन लष्कराच्या संशोधनातले जॉन जॉन्सन यांनी एक साधा प्रश्न विचारला. पडद्यावर किती बारीक रेघा दिसल्या म्हणजे माणसाला काय काय कळतं? त्यांनी पायऱ्या ठरवल्या. *काहीतरी आहे* एवढं कळायला वस्तूच्या लहान बाजूवर रेघांची एक जोडी पुरते. *कोणत्या प्रकारचं* आहे हे कळायला सुमारे चार जोड्या. *नेमकं काय* आहे हे ओळखायला सुमारे साडेसहा. एका जोडीला दोन पिक्सेल धरले तर दोन, आठ आणि तेरा पिक्सेल.

आता हिशेब करू. पस्तीस मिलिमीटर भिंग आणि बारा मायक्रॉनचा पिक्सेल, हे आजचं मध्यम प्रतीचं यंत्र. यात शंभर मीटरवर एक पिक्सेल साधारण साडेतीन सेंटिमीटर व्यापतो. रानडुकराचं धड पाठीपासून पोटापर्यंत पन्नास सेंटिमीटर धरा. तर काहीतरी गरम आहे हे सातशे मीटरवरून कळेल. चार पायांचं जनावर आहे हे एकशे ऐंशी मीटरवरून. आणि हे डुक्करच, वासरू नाही, कुत्रा नाही, वाकून बसलेला माणूस नाही, हे एकशे दहा मीटरच्या आसपास. जाहिरातीत असतो तो पहिला आकडा. शिकाऱ्याला हवा असतो तो तिसरा.

आणि गंमत इथे संपत नाही. जॉन्सन यांच्या या आकड्यांचा अर्थ असा, की त्या अंतरावर निरीक्षक *पन्नास टक्के वेळा* बरोबर ओळखेल. पन्नास टक्के! म्हणजे उरलेल्या निम्म्या वेळी तो चुकेल किंवा त्याला कळणारच नाही. हा पल्ला म्हणजे गोळी झाडायचा पल्ला नव्हे.

म्हणून अनुभवी लोक काय करतात? शोधायला थर्मल, ओळखायला नाइट व्हिजन. थर्मलमध्ये सगळं रान करडं आणि सावज पांढरं, त्यामुळे झुडपात बसलेलं डुक्करही चटकन लक्षात येतं. पण शिंगांचा आकार, अंगावरचे पट्टे, मधे आलेली काटकी, मागचं तारेचं कुंपण हे भोवतालच्याच तापमानाचं असल्यामुळे पुसट होतं. ते नाइट व्हिजनमध्ये दिसतं. पावसात, दमट हवेत थर्मलचा पल्ला घटतो. सांज-सकाळी एक वेळ अशी येते, की दगड, माती आणि जनावर यांचं तापमान जवळजवळ सारखं होतं आणि चित्र सपाट पडतं. उलट, अमावास्येला दाट झाडीत नाइट व्हिजन आंधळं, आणि थर्मल ठणठणीत.

माहितीपत्रकात तीन आकडे बघावेत. पिक्सेलची संख्या, 384 बाय 288 की 640 बाय 512. संवेदनशीलता, जी मिलिकेल्विनमध्ये देतात आणि जितकी कमी तितकी चांगली. आणि चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं ते. अमेरिकेच्या निर्यात नियमांमुळे बरीच यंत्रं नऊ वेळाच बदलणारी असतात, त्यांत पळतं जनावर अडखळत पळताना दिसतं.

आणि एक गोष्ट कोणत्याही आकड्यापेक्षा महत्त्वाची. शोधायचं यंत्र हातात वेगळं असावं, बंदुकीवर नसावं. कारण बंदुकीवरच्या दुर्बिणीने रान न्याहाळायचं म्हणजे जे जे दिसेल त्याच्यावर नळी रोखायची. आधी नेम आणि मग ओळख, हा क्रमच उलटा झाला.

जर्मनीचा वाद

या क्रमाचं भान सर्वांत जास्त वाद घालून कुणी ठेवलं असेल तर जर्मनांनी. त्यांच्या संघीय शिकार कायद्याने मोठ्या जनावरांची रात्री शिकार निषिद्ध ठरवली, रानडुक्कर हा मुख्य अपवाद. पण त्यासाठीही कृत्रिम प्रकाश आणि प्रतिमा वाढवणारी यंत्रं वर्ज्य. कारण काय? त्यांच्याकडे शिकारीची एक नीती आहे, जनावराला सुटण्याची वाजवी संधी असली पाहिजे.

मग डुकरांची संख्या वाढली, मक्याची शेतं उद्ध्वस्त होऊ लागली आणि आफ्रिकन स्वाइन फीव्हर पूर्वेकडून सरकत आला. 2020 च्या सुरुवातीला शस्त्र कायदा बदलून शिकाऱ्यांना नेहमीच्या दुर्बिणीला जोडायचं नाइट व्हिजन वा थर्मल यंत्र वापरायची मुभा दिली. बाकी अटी राज्यांवर सोडल्या. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ब्रांडेनबुर्गमध्ये मेलेल्या रानडुकरात तो रोग सापडलाच. टेक्ससने हा वाद फारसा घातलाच नाही. तिथे रानडुक्कर हे युरोपियनांनी आणलेलं परकं जनावर, शेतीचा शत्रू. 2019 पासून खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने त्याला मारायला शिकारीचा परवानाही लागत नाही.

एकाच यंत्राबद्दल दोन समाज दोन प्रश्न विचारतात. एक विचारतो, हे काम होईल का? दुसरा विचारतो, हे काम आहे की शिकार? आमच्या मते पिकाचं संरक्षण हे काम मानलं तर जनावराला संधी देण्याचा आग्रह सैल करता येतो, कारण जखमी जनावर रात्रभर तडफडण्यापेक्षा एका गोळीत मरणं बरं. पण ओळखण्याचा आग्रह मात्र सैल करता येत नाही. ती नीती जनावरासाठी नाहीच, माणसासाठी आहे.

शब्दवेध

आपल्याकडे रानडुकरांनी नासलेलं भातशेत कोकणात कुणाला दाखवायला नको. परवानगी असेल तरच, वन खात्याच्या आदेशानेच त्याला मारता येतं. पीक धोक्यात असताना अशी परवानगी देण्याची तरतूद कायद्याच्या अकराव्या कलमात आहे. तरी चोरून शिकार चालतेच. 2025 च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात डुकराच्या शिकारीला गेलेल्यांपैकी एकाने आपल्याच सोबत्यावर डुक्कर समजून गोळी झाडली. अशा बातम्या युरोपातूनही येतात, अमेरिकेतूनही.

न्यायशास्त्रात संशयाचं ठरलेलं उदाहरण आहे: तिन्हीसांजेला दूर काहीतरी उभं दिसतं, तो खांब की माणूस? दोघांचा समान धर्म, म्हणजे उंची आणि उभेपणा, तेवढाच दिसतो. वेगळेपण दाखवणारा विशेष धर्म, म्हणजे हात, पाय, दिसत नाही. तोवर संशय. आणि संशय असताना ज्ञान झालं असं म्हणता येत नाही. थर्मलचा पांढरा ठिपका म्हणजे समान धर्म: ऊब. जिवंत सगळंच ऊबदार असतं. डुक्करही, शेतावर झोपलेला राखणदारही.

आणि दशरथाला आठवा. राजा होता, निष्णात धनुर्धर होता, शब्दवेधी होता. शरयूच्या काठी, रात्री, कळशी भरल्याचा आवाज ऐकला, हत्ती पाणी पितो आहे असं समजला, आणि बाण सोडला. तो बाण चुकला नाही. लक्षात घ्या, *नेम अचूक होता.* आवाजाच्या दिशेचं ज्ञान अगदी बरोबर होतं. फक्त तिथे हत्ती नव्हता, आंधळ्या आईबापांचा श्रावणबाळ होता. कॉर्बेटनी घंटा ऐकली आणि बटण दाबून बघितलं. दशरथाने ऐकलं आणि सोडलं. दोघांमध्ये यंत्राचा फरक आहे, हे खरं. पण कॉर्बेटचा टॉर्च आधीच विझला असता तर त्यांनी काय केलं असतं, यावर त्यांच्या शिकारीची खरी किंमत ठरते, यंत्रावर नाही.

तेव्हा ज्यांना कायद्याने परवानगी आहे, ज्यांच्या देशात हे काम आहे, त्यांनी दोन्ही यंत्रं घ्यावीत, परवडत नसेल तर हातातलं शोधक आणि साधी दुर्बीण घ्यावी, आणि आपल्या यंत्राचा तिसरा आकडा पाठ करावा. त्या आकड्याच्या निम्म्या अंतरापलीकडे गोळी झाडू नये. अंधार दूर करणारं यंत्र बाजारात मिळतं. संशय दूर होईपर्यंत थांबायचं काम मात्र बोटानेच करायचं आहे.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.